पाण्यामागे गेलेली अंगणवाडी

बारामतीत राहून 'मी नेतृत्व शिकवते' असं सांगायला धाडस लागतं. दुसऱ्या कुठल्या गावात लोक 'अरे वा' म्हणून पुढच्या विषयाकडे वळत असतील. आमच्याकडे समोरचा माणूस आधी मला वरपासून खालपर्यंत पाहतो, मग आवाज खाली आणतो आणि विचारतो, "कुठल्या पक्षाकडनं?" माझा नेहमीचा भाजीवाला तर सरळच म्हणाला, "मग बाई, अवंदा उभ्या ऱ्हाताय काय? आमच्या गल्लीत सांगून ठिवतो." आमचे हे सलूनमधून येताना बातमी घेऊन आले की मॅडम तिकीट मागत आहेत. हे मला सांगताना त्यांचा चेहरा असा काही झाला होता, की क्षणभर मलाच वाटलं, मागितलंय की काय!

तर दिवाळी अंकाच्या निमित्ताने एकदाचा खुलासा करून टाकते. मी पुढारी तयार करत नाही. ते पीक आमच्या भागात बिनखताचं येतं. माझं काम वेगळं आहे. इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत सरकारी नोकरीतली बरीच माणसं लोकांसाठी काम करतात: ग्रामसेवक, तलाठी, आरोग्य सेविका, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका. त्याच गावांत, त्याच लोकांसाठी, पुष्कळदा त्याच पिंपळाच्या पारावर बसून स्वयंसेवी संस्थांतली माणसंही काम करतात. आणि हे दोघे एकमेकांना पाण्यात पाहतात. सरकारी माणूस म्हणतो, संस्थावाले फोटो काढतात आणि पळतात. संस्थावाला म्हणतो, सरकारी माणूस सही दाबून बसतो. या दोघांना एका खोलीत आणायचं आणि ती खोली शाबूत ठेवायची, हा माझा धंदा. त्याला कागदावर 'आंतरक्षेत्रीय नेतृत्व विकास' असं भारदस्त नाव आहे. आमची मावशी, जी आमच्या हॉलवर चहा करते, ती त्याला 'मिसळणीचा वर्ग' म्हणते. मला तिचंच नाव पसंत आहे.

भिगवण रोडला आमचा भाड्याचा हॉल आहे. हिवाळ्याच्या तोंडावर वर्ग सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. दर महिन्याला दोन दिवस सगळे एकत्र येतात. पहिल्या सकाळी मी मुद्दाम काही न बोलता कोपऱ्यात उभी राहते आणि बसण्याची गंमत बघते. सरकारी माणसं आल्याबरोबर खुर्च्यांवर बसतात, तीही पदाप्रमाणे, न सांगता. संस्थेची माणसं आल्याबरोबर खुर्च्या बाजूला सारतात, सतरंजी पसरतात, गोल करतात आणि टाळ्या वाजवत गाणं सुरू करतात. एका वर्षी एक जाडजूड तलाठीभाऊ त्या गोलाकडे बघत मला म्हणाले, "मॅडम, खाली बसायला माझी ना न्हाय. पर उठवायला किती माणसं द्याल ते आधी सांगा."

सत्काराचा घोळ तर विचारू नका. शाल, नारळ आणि 'दोन शब्द' यात पहिली सकाळ संपायची. एका वर्षी मी वैतागून सत्कार बंद केला. झालं, एक ग्रामसेवक दोन्ही दिवस तोंडाला कुलूप लावून बसले. मावशीने चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांना नारळ मिळाला नाही म्हणून अपमान वाटला होता. मग मी तोड काढली. वर्गाला मिळून एकच शाल. सरकारी माणसाने ती संस्थेच्या माणसाला घालायची, त्याने काढून पुढच्या सरकारी माणसाला. शाल हॉलभर फिरते, फिरत फिरत ती शेवटी मावशीच्या अंगावर येते, आणि तोवर सगळे हसायला लागलेले असतात. नारळ मात्र फोडून खोबरं वाटते. हा माझा शोध आहे आणि मला त्याचा सार्थ अभिमान आहे.

यानंतर मी जोड्या लावते. एक सरकारी, एक संस्थेचा. लग्न जमवणारे गुण जुळवतात, मी भांडणं जुळवते. ज्या दोघांचं एकाच कामावरून सगळ्यात जुनं भांडण असेल त्यांची जोडी, आणि त्या भांडणातलंच काम त्यांनी वर्ग संपेपर्यंत मिळून मार्गी लावायचं. मधे एक आठवडा 'खुर्चीबदल' असतो. संस्थेचा माणूस सरकारी कचेरीत जाऊन बसतो, सरकारी माणूस त्याच्या गावात जाऊन फिरतो. दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर तिचा कुठला पाय डुगडुगतो ते कळतं, एवढाच त्यामागचा विचार.

सगळ्याच जोड्या जमतात असं मी सांगितलं तर ती थाप होईल. कित्येक जोड्या वर्गात गळ्यात गळे घालतात आणि नंतर एकमेकांचे फोन उचलत नाहीत. आणि आमच्या धंद्यातलं खरं दुखणं म्हणजे बदली. दोघांचं सूत जुळतं, गावातल्या लोकांचा दोघांवर विश्वास बसतो, आणि नेमका तेव्हा सरकारी माणसाच्या बदलीचा आदेश येतो. संस्थेचा माणूस माझ्याकडे येऊन नुसता बसून राहतो. अशा वेळी मला फार वाईट वाटतं. नवीन माणसाशी पुन्हा पहिल्यापासून भांडण सुरू करावं लागणार, हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही.

पण आज मला शमीम मॅडम आणि अमोलबद्दल लिहायचं आहे. ती आठवण काढली की माझा दिवस चांगला जातो.

शमीम मुलाणी भिगवण भागातल्या अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका. माहेर भिगवणचंच, सासरही भिगवणचंच, मिस्टरांचं बाजारात चपलांचं दुकान. पन्नाशीच्या, पदर नीट खोचलेल्या, शब्द मोजून वापरणाऱ्या. अमोल जगताप डाळजचा, शेतकऱ्याच्या घरातला, एका छोट्या संस्थेत मुलांसाठी काम करणारा. तिशीतला, दाढीवाला, बोलायला लागला की थांबायचं विसरणारा.

त्यांच्या भांडणाचं मूळ उजनीच्या पाण्यात होतं. धरणाचं पाणी भिगवणच्या मागे पसरलेलं आहे, आणि त्याच्या काठाला मासेमारी करणाऱ्या कुटुंबांची एक वस्ती आहे. वस्तीपासून जवळ, गाळाच्या वर, अंगणवाडीची पक्की खोली. मंगलताई तिथल्या सेविका. मुलांना गरम आहार द्यायचा, वजन-उंची घ्यायची, गाणी-गोष्टी शिकवायच्या, लसीच्या दिवशी आयांना गोळा करायचं, असं सगळं त्या एकट्याच, मदतनिसाशिवाय, बघायच्या. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत सगळं ठीक. उन्हाळा लागला की धरणाचं पाणी मागे सरकायला लागतं. पाणी मागे गेलं की मासे मागे जातात, मासे गेले की जाळी जातात, आणि जाळ्यांमागे झोपड्या. पाणी उतरल्यावर पलीकडे एक मोठा माळ उघडा पडतो, सगळी वस्ती उचलून तिथे जाते. अंगणवाडीची खोली जिथल्या तिथे राहते, आतल्या मंगलताईही तिथेच राहतात, आणि मुलं पाण्यापलीकडे.

आधीच्या उन्हाळ्यात तपासणीला जेव्हा जेव्हा कोणी आलं, तेव्हा त्यांना अंगणवाडी रिकामी दिसली. मग कचेरीत ठरत आलं की हे केंद्र बंद करून गावातल्या मोठ्या केंद्रात मिसळून टाकावं. कागदावर ते सोपं होतं. फक्त गावातलं केंद्र पुणे-सोलापूर हायवेच्या पलीकडे. तीन-चार वर्षांची पोरं ट्रकच्या गर्दीतून रस्ता ओलांडून रोज खिचडी खायला जातील, असं कोणाला वाटत असेल तर त्याने एकदा भिगवणच्या थांब्यावर उभं राहून बघावं. केंद्र गेलं म्हणजे त्या मुलांचा आहार गेला, वजन गेलं, गाणी गेली. मंगलताईंचं कामही गेलं.

अमोलने काय केलं? रिकाम्या अंगणवाडीचा फोटो काढून स्थानिक साप्ताहिकात छापून आणला. शमीम मॅडमनी काय केलं? अमोलची संस्था माळावर बिनपरवानगी बालवर्ग भरवते अशी वर तक्रार केली. दोघांचंही म्हणणं होतं की आपण मुलांसाठी करतोय. अशी जोडी माझ्यासमोर आयती आल्यावर मी सोडते होय!

पहिल्या दिवशी मी प्रत्येक जोडीला उभं करून एकच प्रश्न विचारते. या दोघांनाही विचारला.

"ही मुलं उन्हाळ्यात उपाशी राहतात. जबाबदारी कुणाची?"

दोघांनी एकाच वेळी हात वर केला, आणि दोघांची बोटं एकमेकांकडे. तीही किती जवळून, मधे टीचभर अंतर! अख्खा हॉल हसला. मला मात्र हसू आलं नाही. शमीम मॅडमनी बोट खाली घेतलं आणि नीट खोचलेला पदर पुन्हा खोचला. या बाईंना राग नाही, अपमान वाटतोय, हे मला दिसलं. या खेपेला आपण चुकीची गाठ मारली, गुपचूप घरी जावं, असंच वाटलं.

पुढचे दोन महिने दोघं एकमेकांशी फक्त माझ्यामार्फत बोलले. "मॅडम, यांना सांगा..." "बाई, त्यांस्नी इचारा..." मधे बसून माझी मान दुखायला लागली. मग खुर्चीबदलाचा आठवडा आला.

अमोल इंदापूरच्या कचेरीत शमीम मॅडमच्या खुर्चीत जाऊन बसला. पहिल्या दिवशी त्याला वाटलं होतं की दुपारपर्यंत तो खात्याचा कायापालट करील. आठवड्याअखेरी माझ्याकडे आला तो खांदे पाडून.

"बाई, तितं माणूस दिसभर निसतं उत्तरं देतंय. वरनं इचारत्यात, खालनं इचारत्यात. आन कुणी बी काय बी इचारलं की पयला प्रश्न, परवानगी हाय का? परवानगी न्हाय म्हणून गप बसलं तर लोक श्या देणार, परवानगी नसताना केलं तर सायेब नोटीस देणार. मी असतो तर पळून गेलो असतो."

"मग मॅडमना काही विचारलंस का यावर?"

"इचारलं, त्यांचा फोन आला तवा. त्या म्हणाल्या, अमोल, काही गोष्टी आम्हाला विचारायच्याच नसतात. विचारलं की आम्हाला नाही म्हणावं लागतं." हे सांगताना तो डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होता. त्याला जणू कचेरीच्या मागच्या दाराची किल्ली सापडली होती.

त्याच आठवड्यात शमीम मॅडम अमोलच्या जागी वस्तीवर जात होत्या. पहिल्याच दिवशी त्यांची चप्पल गाळात रुतली आणि परत निघाली नाही. घरात चपलांचं दुकान असताना बाई अनवाणी घरी आल्या म्हणून मिस्टरांनी आठवडाभर चिडवलं. वस्तीतले सखाराम आबा तिथले जाणते. शमीम मॅडमनी त्यांना जरा चढ्या आवाजात विचारलं, "आबा, उन्हाळ्यात तुम्ही मुलांना केंद्रावर पाठवत का नाही?"

आबा जाळं शिवत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "बाईसाहेब, न्यायचं कुणी? गडी पाण्यात, बाया मासळी निवडायला. पाणी मागं सरलं की आमी मागं सरायचं. पाणी काय तुमच्या अंगणवाडीसाठी थांबत न्हाय. अन तुमची अंगणवाडी बी पाण्यासाठी हलत न्हाय. मंग पोरांनी काय करावं, तुमीच सांगा."

मॅडम निघाल्या तेव्हा आबांनी त्यांना केळीच्या पानात बांधून चिलापी मासळी दिली. परतीच्या वाटेवर त्यांनी अमोलला फोन केला, वर्ग सुरू झाल्यापासून पहिल्यांदा थेट, आणि विचारलं की तुम्ही एवढी कामं परवानग्यांशिवाय करता तरी कशी. अमोल म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं आधी करायचं, मग सांगायचं. आधी सांगितलं की होतच न्हाय." मॅडमनी हे वाक्य मला दोनदा ऐकवलं. दुसऱ्यांदा ऐकवताना त्या हसत होत्या. मॅडमना हसताना मी तेव्हा प्रथम पाहिलं.

एप्रिल आला. पाणी उतरलं, वस्ती माळावर गेली. आणि तपासणीचा दिवस ठरला. तालुक्याचे अंगणवाडी अधिकारी गायकवाड साहेब स्वतः येणार होते. केंद्र ठेवायचं की मिसळायचं, हे त्यांच्या या भेटीवर अवलंबून होतं. साहेब वाईट नव्हते, फक्त डोळ्यांना दिसेल तेवढंच मानणारे होते. मुलं आणि केंद्र एका जागी दिसली तर केंद्र राहणार, नाहीतर जाणार.

मी दोघांनाही वेगवेगळा फोन केला. "तयारी काय आहे?"

शमीम मॅडम म्हणाल्या, "बघाच तुम्ही."

अमोल म्हणाला, "बाई, तुमी फकस्त या."

दोघंही गोड बोलले. इथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. गोड बोलणारी जोडी म्हणजे काहीतरी लपवणारी जोडी, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं होतं. पण मीही माणूस आहे, दोघांचं जमलं म्हणून खूश होते.

त्या सकाळी साहेबांनी मला भिगवणहून आपल्या जीपमध्ये घेतलं. साहेब मराठवाड्यातले, कोरडवाहू गावचे. वाटेत उजनीचं पाणी दिसायला लागलं तसं ते खिडकीपासून थोडे आत सरकले. "आमच्याकडे विहिरीलाच पाणी नसायचं," ते म्हणाले, "पोहायला शिकणार कशात?" मी म्हटलं, आज तसा काही प्रसंग येणार नाही.

अंगणवाडीसमोर जीप थांबली. दाराला भलंमोठं कुलूप.

आणि ओट्यावर मुलं. सगळी मुलं. नारिंगी लाइफ जॅकेट घातलेली. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पर्यटक येतात, त्यांच्यासाठी होड्यांवर ठेवलेली ती मोठ्या माणसांची जॅकेटं होती. त्यात मुलं गुडघ्यांपर्यंत बुडालेली, फक्त डोकी वर. त्यांच्या दोन-तीन आया पदराने वारा घेत उभ्या होत्या. आणि कुलपासमोर अमोल, पेपर लिहायला यावं आणि शाळेलाच सुट्टी असावी अशा चेहऱ्याने.

"सेविका कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"हितंच असत्यात, सायेब."

"आहार कुठाय?"

"त्यो बी हितंच असतोय."

साहेबांनी कुलपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं.

अमोलने फोन लावला, आणि घाबरल्यामुळे स्पीकर चालू राहिला. पलीकडून वारा आणि कुत्र्यांचं भुंकणं. मग शमीम मॅडम, सगळं ऑफिशियल मराठी सोडून: "अमोल, कुठं हाय तुमी? हितं माळावर एक बी पोर न्हाय! निसती म्हातारी माणसं अन कुत्री! पोरं कुठं गेली समदी?"

"मॅडम, पोरं माझ्याजवळ हायेत. अंगणवाडीत. तुमी माळावर काय करताय?"

"अंगणवाडी!"

"काय?"

"अंगणवाडी हितं हाय! मी आणलीय! मंगलताई, पातेलं, वजनकाटा, समदं टेम्पोत घालून आणलंय!"

मग सगळा उलगडा झाला. अमोलने मॅडमकडून शिकलेलं पाळलं होतं. विचारलं तर त्यांना नाही म्हणावं लागेल, म्हणून न विचारताच होडी ठरवून, आयांना सोबत घेऊन, मुलं केंद्रावर आणली होती. शमीम मॅडमनी अमोलकडून शिकलेलं पाळलं होतं. आधी करायचं, मग सांगायचं, म्हणून त्यांनी भल्या सकाळी टेम्पो भरून केंद्रच मुलांकडे नेलं होतं. होडी पाण्यातून सरळ आली, टेम्पो रस्त्याने शेतांमधून मोठा वळसा घालून गेला. दोघं एकमेकांना दिसलेसुद्धा नाहीत. आमच्या वर्गात दोघंही इतके उत्तम शिकले होते की माझ्या हातात त्या क्षणी पदक असतं तर मी ते पाण्यात फेकून दिलं असतं.

"थांबा, मी येतो मुलं घिऊन!" अमोल ओरडला.

"तुमी थांबा, मी येते टेम्पो घिऊन!" पलीकडून मॅडम ओरडल्या.

आणि खरंच, टेम्पोचं स्टार्टर वाजलेलं फोनवर ऐकू आलं, आणि अमोल आरोही नावाच्या एका चिमुरडीला कडेवर घेऊन होडीकडे पळत सुटला. आता हे दोघं पुन्हा एकमेकांना चुकवणार, मुलं पुन्हा माळावर आणि खिचडी पुन्हा कुलपासमोर, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. आयुष्यभर नेतृत्वावर बोलत आले, पण खरं नेतृत्व मी त्या दिवशी केलं. मागे धावत जाऊन अमोलच्या हातून फोन ओढला आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "कुणीतरी एक जण जागेवर थांबा!"

अमोल थांबला. टेम्पो बंद झाल्याचा आवाज आला.

मग मॅडमचा आवाज, आता पुन्हा मापात. "साहेब आहेत का तिथे? साहेब, खिचडी गरम आहे. टेम्पोत हलवली तर सांडेल. मुलं होडीतून रोज हिंडतात, ती येतील. तुम्हीही यावं, अशी विनंती आहे."

साहेबांनी फक्त 'केंद्र बंद आढळलं' एवढं लिहिलं की सगळं संपलं. कुलूप तर समोर लटकतच होतं, खोटं काहीच नव्हतं त्यात. त्यांनी जीपकडे पाऊल टाकलंही. अमोल मान खाली घालून उभा होता.

आरोही मात्र अमोलच्या कडेवरून खाली उतरून साहेबांसमोर आली. जॅकेट जमिनीवर लोळत होतं. "खिचडी कुठं हाय?"

"तिकडे आहे," साहेबांनी पाण्यापलीकडे हात केला.

"मंग चला की."

"मला पोहता येत नाही गं."

आरोहीने जरा विचार केला. "मंग माझा हात धरा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग एका आईच्या हातातलं जादाचं जॅकेट मागून घेतलं. त्यांना ते बेताचंच बसलं. होडीत ते मधोमध बसले, एका हाताने काठ धरून आणि दुसऱ्या हाताने खरोखरच त्या पोरीचा हात धरून. ती त्यांना सारखं सांगत होती, "हितं खोल न्हाय. आता हाय. आता न्हाय." खोल हाय म्हटलं की साहेब डोळे मिटायचे.

माळावर उतरलो तर अंगणवाडी थाटात भरलेली. वल्ही रोवून वर ताडपत्री, त्याखाली सतरंजी. जाळं आडवं बांधून त्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी अक्षरांचे आणि फळांचे तक्ते लावलेले. वजनकाटा होडीच्या डोलकाठीला टांगलेला. मंगलताईंनी मुलांना बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. मुलं जॅकेटांसकट पंगतीला बसली. सखाराम आबा साहेबांना म्हणाले, "बसा सायेब. आमच्याकडं पाव्हणा पंगतीतच बसतोय, खुर्ची न्हाय हितं." साहेब बसले. त्यांनी खिचडी खाल्ली. मुलांची गाणी ऐकली. काट्यावर दोन-तीन मुलांचं वजन आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

मग हात धुऊन उभे राहिले आणि चेहरा पुन्हा कचेरीचा केला.

"केंद्र परवानगीशिवाय जागेवरून हललं आहे. मुलं परवानगीशिवाय होडीतून आणली गेली आहेत. याला जबाबदार कोण?"

माझाच प्रश्न होता तो, पहिल्या दिवशीचा.

"मी," शमीम मॅडमनी हात वर केला.

"मी, सायेब," अमोलने हात वर केला. "त्यांना ठावं बी न्हवतं."

"याला काय माहीत? केंद्र मी हलवलं," मॅडम म्हणाल्या. "नोटीस मला द्या."

"न्हाय सायेब, नोटीस मला."

"संस्थेच्या माणसाला नोटीस देता येत नाही," साहेब म्हणाले, "हीच तर आमची अडचण आहे." आणि मग त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. ताडपत्रीखालच्या सगळ्या बाया हसायला लागल्या, कशाला ते न कळता मुलंही हसली.

"हे केंद्र कुठेही जात नाही," ते म्हणाले. मग माळाकडे, ताडपत्रीकडे, दूर काठावरच्या कुलूपबंद खोलीकडे बघून त्यांनी दुरुस्ती केली. "म्हणजे, उन्हाळ्यात जिथे जायचं तिथे जाऊ दे. पण बंद होत नाही. तशी परवानगी मी घेऊन देतो. मुलांनी मात्र होडीतून यायचं नाही, तुम्हीच इकडे यायचं."

मंगलताई पुन्हा रडल्या. या खेपेला त्यांच्यासोबत मीही रडले, लपवून काय करू!

साहेब होडीच्या दिशेने न जाता तिथेच घोटाळले. परतीची होडी टाळायला टेम्पोतून जाता येईल का, हे त्यांना विचारायचं होतं. पण त्याआधी त्यांनी सहज, जाता जाता विचारल्यासारखं विचारलं, "कल्पना झकास आहे हो ही, पाण्यामागे जायची. मूळ डोकं कुणाचं?"

शमीम मॅडम आणि अमोल, दोघांनी एकाच वेळी हात वर केला. दोघांची बोटं एकमेकांकडे.

हीच दोन बोटं याच दिशेला रोखलेली मी हिवाळ्यात पाहिली होती, आणि तेव्हा मला घरी निघून जावंसं वाटलं होतं. आता मी कुठेही गेले नाही. सतरंजीवर आरोहीच्या शेजारी जागा होती, तिथे मांडी घालून बसले आणि मंगलताईंकडे आणखी खिचडी मागितली.